चावा बरोबर बसला म्हणजे काय?

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात दातांच्या डॉक्टरकडे ‘माझा चावा तपासा’ म्हणत कुणी येत नाही. माणसे येतात ती ठणका, कीड किंवा हलणारी दाढ घेऊन. तरीही दातावर नवी टोपी बसवून घेतल्यावर ‘हा दात उंच लागते जी’ म्हणणारा शेतकरी, पुढे आलेल्या दातांना तारा लावाव्यात का असे विचारणारी कॉलेजातली मुलगी आणि ‘कवळी हालते, भाकर चावल्याच जात नाही’ म्हणणारी आजी हे तिघे एकाच प्रश्नाशी येऊन ठेपलेले असतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसावेत? दंतवैद्यकात या विषयाला ऑक्लूजन म्हणतात. त्यावरचा वाद सव्वाशे वर्षांत मिटलेला नाही, पण त्याची जागा बदलली आहे. आधी सगळे ‘आदर्श चावा कोणता’ असे विचारत. आता ‘आदर्शापासून किती ढळलेला चावा माणसाला चालतो’ हा प्रश्न पुढे आला आहे.

तोंडात घडते काय

खालचा जबडा दोन्ही कानांपुढच्या सांध्यांवर पेललेला असतो. दोन्ही सांधे एकाच हाडाचे, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावेच लागते. तोंड थोडे उघडताना सांधा जागच्या जागी फिरतो, जास्त उघडताना खोबणीतून पुढे घसरतो. जात्यात खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते. तोंडात नेमके उलटे. शिवाय ही खालची तळी खाली-वर, मागे-पुढे आणि आडवी अशा सगळ्या दिशांनी हलते. स्वीडनच्या उल्फ पॉसेल्ट यांनी १९५२ मध्ये या हालचालींच्या सीमा मोजून त्यांचा नकाशाच काढला. सांधा खोबणीत पूर्ण बसलेला असताना जबड्याची जी जागा असते आणि दात घट्ट मिटल्यावर जी जागा येते, त्या दोन्ही बहुतेक निरोगी माणसांत एक नसतात, हे त्यांच्या मापांतून दिसले. फरक साधारण एका मिलिमीटरचा. पुढचा निम्मा वाद या मिलिमीटरभर अंतराने खाल्ला आहे.

दुसरी गोष्ट संवेदनेची. दात हाडात थेट रोवलेला नसतो, मधल्या तंतूंवर टांगलेला असतो, आणि त्या तंतूंमुळे दातांमध्ये आलेली वीस-एक मायक्रॉनची पत्रीसुद्धा जाणवते. डॉक्टर चावा तपासायला वापरतात तो निळा कागद पुष्कळदा चाळीस मायक्रॉनचा किंवा त्याहून जाड असतो. म्हणजे कागदावर ठसा ठीक उमटला तरी ‘उंच लागते’ ही तक्रार खरी असू शकते. त्यात टोपी बसवताना जबडा बधिर केलेला असला, तर माणसाला त्या वेळी काहीच सांगता येत नाही. तक्रार दुसऱ्या दिवशी येते, आणि दूरच्या खेड्यातला माणूस असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी. कागदाचा ठसा मोठा म्हणजे दाब जास्त, हा समजही प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत टिकलेला नाही.

आदर्शाचा जन्म

वेड्यावाकड्या दातांची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांच्या यादीत ‘हनुमोक्ष’ येतो, म्हणजे जबडा निखळणे. वाग्भटाने वेडेवाकडे उगवणाऱ्या दातांना ‘कराल’ म्हटले आहे. पण चाव्याला मोजपट्टी लावली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी, १८९९ मध्ये. साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ हा त्यांनी आधारबिंदू धरला. वरच्या दाढेचे पुढचे बाहेरचे टोक खालच्या दाढेच्या खाचेत बसले तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा. पुढे गेली तर तिसरा. ही विभागणी इतकी सोपी आणि उपयोगी होती की नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात असो की वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेत, विद्यार्थी आजही तीच पहिल्यांदा शिकतो.

अँगल यांचा खरा आग्रह वर्गीकरणापलीकडचा होता. निसर्गाने बत्तीस दात दिले आहेत, ते सगळे जागेवर बसवले की चेहराही आपोआप सुंदर होतो, सबब एकही दात काढू नये. सौंदर्याचा नमुना म्हणून त्यांच्यापुढे अपोलोचा ग्रीक-रोमन पुतळा होता. एडमंड वुएर्पल या चित्रकार मित्राने त्यांना सांगितले होते की सगळ्यांना लागू पडेल असा एकच आदर्श चेहरा ठरवता येत नाही. तो सल्ला अँगल यांनी आपल्या पद्धतीने वळवून घेतला. कॅल्विन केस यांनी काही रुग्णांत दात काढणे योग्यच असते अशी बाजू मांडली आणि १९११ मध्ये त्यांचा अँगल यांच्या गोटातल्या मार्टिन ड्यूई यांच्याशी गाजलेला वाद झाला. त्या वेळी सरशी अँगलपंथीयांची झाली.

गंमत अशी की हा आग्रह मोडला तो अँगल यांच्याच शिष्यांनी. चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे सरळ केलेले दात काही काळाने पुन्हा वाकडे होताना दिसले. त्यांनी अशा रुग्णांच्या चार उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढून पुन्हा उपचार केले आणि निकाल जाहीरपणे मांडले. ऑस्ट्रेलियात रेमंड बेग यांनी वेगळा युक्तिवाद केला. तिथल्या आदिवासींचे दात खरबरीत खाण्याने वरून आणि बाजूंनी झिजत, त्यामुळे जबड्यात जागा होत जाई. मऊ खाणाऱ्यांच्या दातांना ती मिळत नाही, म्हणून दात काढून डॉक्टरने ती करून द्यावी, असे त्यांनी १९५४ मध्ये लिहिले. दात काढण्याचे प्रमाण कसे बदलले याचा विल्यम प्रॉफिट यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यातून घेतलेला चाळीस वर्षांचा आढावा या वादातला सर्वांत बोलका पुरावा आहे. १९५३ मध्ये तिथे ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात, १९६८ मध्ये ७६ टक्के, आणि १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्के. चाळीस वर्षांत माणसांचे जबडे काही बदलले नव्हते. मत बदलले होते.

लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये उलट दिशेने सुरुवात केली. कधीही तारा न लावलेल्या, पण उत्तम जुळणी असलेल्या १२० तोंडांचे साचे घेऊन त्यांत समान काय आहे ते शोधले आणि चांगल्या चाव्याच्या सहा खुणा सांगितल्या. तारा धरून ठेवणाऱ्या, तयार कोन दिलेल्या आजच्या ब्रॅकेटचा पाया हाच. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे. सुंदर तोंडांत काय असते ते या खुणा सांगतात. त्या नसलेले तोंड आजारी असते असे त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर आहे. चेहऱ्याच्या एक्स-रेवरची प्रसिद्ध मापे मुळात गोऱ्या अमेरिकनांवरून ठरलेली. आपल्या ओठांची आणि दातांची ठेवण बऱ्याचदा थोडी पुढे असते, तो दोष मानायचा की ठेवण? इथल्या दंत महाविद्यालयांतून मराठी माणसांची मापे घेऊन वेगळे मापदंड मांडण्याची कामे झाली आहेत. त्यावर काहींचे म्हणणे असे की उपचाराचे लक्ष्य रुग्णाच्या इच्छेने ठरावे, गटाच्या सरासरीने नव्हे.

तारा कधी लावाव्यात याचे उत्तर मात्र बरेच पक्के झाले आहे. फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना आणि मँचेस्टर इथल्या चाचण्यांनी दाखवले की वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर आठव्या-नवव्या वर्षी घाईने उपचार केले काय आणि पौगंडावस्थेत एकदाच केले काय, शेवटचा निकाल जवळजवळ सारखाच लागतो. लवकर केल्याचा एक ठळक फायदा म्हणजे पडल्या-झडल्यावर पुढचे दात तुटण्याचे प्रमाण घटते. दोनदा खर्च करू न शकणाऱ्या घराला ही माहिती उपयोगाची आहे.

यंत्रवाल्यांची शाळा

दुसरा प्रवाह कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकात विल्यम बॉनविल यांनी दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांमधला बिंदू जोडून चार इंच बाजूचा समभुज त्रिकोण कल्पिला आणि त्यावर आर्टिक्युलेटर उभारला. हे जबड्याची नक्कल करणारे यंत्र. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फॉन श्पे यांनी १८९० मध्ये दातांच्या रांगेचा बाक दाखवला. झुरिकचे आल्फ्रेड गिसी यांनी कवळीसाठी ‘संतुलित’ चाव्याचा आग्रह धरला: जबडा आडवा गेला तरी दोन्ही बाजूंचे दात टेकलेले राहिले पाहिजेत, नाहीतर कवळी उचकटते.

कॅलिफोर्नियात १९२६ मध्ये बेव्हर्ली मॅककोलम यांच्या पुढाकाराने नॅथॉलॉजीची शाळा सुरू झाली. सांध्याची प्रत्येक हालचाल मोजा, ती यंत्रावर उतरवा, आणि सांध्याची जागा व दातांची जागा एकच होईल असा चावा घडवा, ही तिची भूमिका. आधी कवळीतला संतुलित चावा नैसर्गिक दातांनाही लावला गेला. मग आँजेलो डामिको यांनी १९५८ मध्ये सुळ्यांचा पक्ष घेतला: जबडा बाजूला सरकताना फक्त सुळे टेकावेत, दाढा सुटाव्यात. क्लाइड श्युलर यांचा पक्ष थोडा सैल होता. जबडा ज्या बाजूला सरकतो त्या बाजूच्या अनेक दातांनी भार वाटून घ्यावा आणि मध्यावर जबड्याला किंचित मोकळीक असावी. दोन्ही पद्धतींनी बांधलेली तोंडे वर्षानुवर्षे टिकलेली आहेत, आणि एकीला दुसरीवर निर्णायक मात करता आलेली नाही.

सांध्याच्या ज्या जागेवर हे सगळे उभे आहे तिची व्याख्याच स्थिर राहिली नाही. कृत्रिम दंतशास्त्राच्या प्रमाण परिभाषाकोशाच्या १९५६ च्या पहिल्या आवृत्तीत ती जबड्याची सर्वांत मागची जागा होती. १९८७ मध्ये ती सांध्याची वरची आणि पुढची जागा झाली. १९९४ च्या आवृत्तीत तिच्या एकाच नोंदीखाली सात व्याख्या छापल्या होत्या. २०१७ मध्ये पुन्हा एकच ठेवली गेली. टीकाकार या इतिहासाकडे बोट दाखवतात. समर्थक म्हणतात, व्याख्या काहीही असो, सगळे दात गेलेल्या किंवा पूर्ण झिजलेल्या तोंडात पुन्हा पुन्हा सापडेल अशी दुसरी जागा आहे कुठे? मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो, पण बांधकामापुरताच.

दुखरा सांधा

सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अवघ्या अकरा रुग्णांवरून लिहिले की मागच्या दाढा गेल्या की जबडा मागे सरकतो, कानाजवळच्या नसा दाबतो, आणि कानदुखी, चक्कर, डोकेदुखी होते. नसा दाबल्या जाण्याची कल्पना पुढे शरीररचनातज्ज्ञांनी खोडून काढली. पण चावा बिघडला की सांधा दुखतो, हा विश्वास रुजला, आणि सांधा दुखतो म्हणून निरोगी दात घासून चावा ‘दुरुस्त’ करण्याची प्रथा पडली.

१९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी साधी युक्ती केली. अशा २५ रुग्णांचे दात घासण्याचे त्यांनी फक्त नाटक केले, चावा बदलला नाही. १६ जणांचे दुखणे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेले. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका खटल्यात उपदाढा काढून केलेल्या उपचारामुळे सांधा बिघडल्याचा दावा ज्युरीने मान्य केला. त्या धक्क्याने अमेरिकेत संशोधनाला पैसा मिळाला, आणि त्या संशोधनात तारा किंवा दात काढणे हे सांधेदुखीचे कारण असल्याचे आढळले नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेचा सल्ला आधी सौम्य आणि परत फिरवता येतील असेच उपचार करावेत असा होता. उपलब्ध चाचण्यांच्या २००३ च्या कॉक्रेन आढाव्याला सांधेदुखीवर दात घासून चावा बदलण्याचा फायदा दाखवणारा पुरावा सापडला नाही. आज ताण, झोप आणि शरीरात इतरत्र असलेली दुखणी यांच्याकडे अधिक लक्ष जाते.

तरीही वाद पूर्ण मिटलेला नाही. नवी टोपी उंच राहिली आणि जबडा दुखू लागला, तर तो उंचवटा काढल्यावर बरे वाटते, हे कोणताही अनुभवी दंतवैद्य सांगेल. अचानक आलेला बदल आणि जन्मभराची ठेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने अभ्यास त्यांची पुष्कळदा सरमिसळ करतात.

वाकडे दात आले कुठून

या प्रश्नाचा एक धागा थेट महाराष्ट्रात आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला (तालुका शिरूर) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या त्या गावात दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि तिथल्या सांगाड्यांचा व दातांचा जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांचा आकार, झीज आणि रोग यांची मराठी मुलुखातली इतकी जुनी आणि सविस्तर नोंद दुर्मीळच. अडचण एवढीच की दफने बहुतांश लहान मुलांची आहेत. प्रौढांचा चावा कसा होता यावर त्यांतून फार ठाम बोलता येत नाही.

रॉबर्ट कोरुचिनी यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या आणि शहरातल्या तरुणांची तुलना करून १९८३ मध्ये मांडले की मऊ अन्नावर वाढलेल्यांत दातांची जुळणी जास्त बिघडलेली असते. वाढीच्या वयात जबड्याला काम मिळाले नाही की तो पुरेसा रुंदावत नाही, असा त्यांचा तर्क. आनुवंशिकतेच्या बाजूने पूर्वी स्टॉकार्ड यांचे कुत्र्यांच्या संकराचे प्रयोग दाखवले जात: भिन्न जबड्यांच्या जातींच्या संकरातून विचित्र चावे निघतात. हवाईमध्ये अनेक वंशांच्या मिश्रणातून जन्मलेल्या लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा तसे विचित्र चावे काही दिसले नाहीत. मोठ्या खालच्या जबड्यासारखी ठेवण घराण्यात उतरते, हे मात्र सर्वांना मान्य आहे. अन्नाचा वाटा किती, हा प्रश्न अजून खुला आहे. वऱ्हाडात ज्वारी मागे पडून कपाशी-सोयाबीन आले आणि भाकरीच्या जागी पोळी आली. एकाच घरातल्या आजोबांचे आणि नातवाचे साचे शेजारी ठेवून हा प्रश्न इथे तपासता येईल.

भाकर चावायला किती दात लागतात

चांदूरच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. नेदरलँड्सच्या नायमेखनमध्ये आर्न्ड कायझर यांनी १९८१ मध्ये मांडले की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर गेलेल्या दाढांच्या जागी नवे दात बसवलेच पाहिजेत असे नाही. एवढे दात वीस भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये आयुष्यभर किमान वीस नैसर्गिक दात राखणे हे उद्दिष्ट म्हणून मान्य केले. डच रुग्णांचा पाठपुरावा अनेक वर्षे झाला. दात फारसे सरकले नाहीत, सांधेही बिघडले नाहीत. बत्तीस दातांच्या आदर्शाला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का.

पण डच माणूस जे खातो ते चांदूरचा माणूस खात नाही. टांझानियातल्या अभ्यासात, कडक अन्न खाणाऱ्या लोकांत, उपदाढा शाबूत आणि निदान एक जोडी दाढांची असेल तर बहुतेकांचे भागते. त्याहून कमी असले की चावण्याच्या तक्रारी वाढतात, असे दिसले. ज्वारीची भाकर, फुटाणे, हुरडा खाणाऱ्याला यातले कोणते उत्तर लागू पडते, हे डॉक्टरने त्याच्या ताटाकडे बघून ठरवावे लागेल.

सगळे दात गेलेल्यांच्या बाबतीत प्रश्न पैशांचा होतो. पाठ्यपुस्तकी पद्धतीत फेसबो नावाच्या उपकरणाने जबड्याची जागा टिपून, महागड्या आर्टिक्युलेटरवर साचे चढवून, संतुलित चावा घडवतात. तालुक्याच्या दवाखान्यातले काम अमरावती-नागपूरच्या लॅबकडे जाते तेव्हा ते पुष्कळदा साध्या बिजागरीच्या यंत्रावरच होते. यात रुग्णाची फसवणूक होते का? कॅनडात मॅकगिल विद्यापीठात कवाई आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न चाचणीला लावला आणि २००५ मध्ये निष्कर्ष दिला: पारंपरिक आणि सुटसुटीत पद्धतीने बनवलेल्या कवळ्यांत रुग्णांच्या समाधानात लक्षणीय फरक आढळला नाही. पारंपरिक शाळेचे म्हणणे असे की हे सोप्या जबड्यांबद्दल खरे असेल, हाड पार झिजलेल्यांबद्दल नाही. हा आक्षेप टाळता येत नाही. अँटिए टॉलग्रेन यांनी पंचवीस वर्षे रुग्णांचा माग ठेवून १९७२ मध्ये दाखवले की कवळी वापरणाऱ्यांत खालच्या जबड्याची कड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते. ‘हालते’ ही तक्रार म्हणूनच जवळजवळ नेहमी खालच्या कवळीची असते.

मिटलेले नाही ते

इम्प्लांटने जुना प्रश्न नव्याने उघडला. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले. स्क्रू हाडाला थेट धरतो. मध्ये तंतू नाहीत, म्हणून दाताइतकी बारीक जाणीवही नाही. जास्त दाबाने भोवतालचे हाड झिजते की ते मुख्यतः जंतुसंसर्गाने जाते, यावर तज्ज्ञ विभागलेले आहेत. दाबाचा क्रम दाखवणारे संगणकी सेन्सर १९८० च्या दशकापासून आहेत, तोंडाचे डिजिटल स्कॅनही आले. मोजमाप सुधारले, पण कोणते माप रोगाचे मानायचे हे त्यातून ठरत नाही.

वऱ्हाडातला एक प्रश्न तर या पुस्तकांत जवळपास येतच नाही, तो खर्ऱ्याचा. सुपारी आणि तंबाखूचे हे मिश्रण रोज चघळल्याने दोन गोष्टी होतात. दाढांचे माथे झिजून चाव्याची उंची कमी होते, आणि गालाची आतली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या दुसऱ्या विकाराचे वर्णन केले. आज तो सबम्यूकस फायब्रोसिस म्हणून ओळखला जातो आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानटपरीवर घोटून मिळतो.

झिजलेल्या चाव्याची उंची पाच मिलिमीटरपर्यंत वाढवली तरी माणसे ती सहसा सहन करतात, असे आतापर्यंतचे आढावे सांगतात. ते निष्कर्ष तोंड नीट उघडणाऱ्या रुग्णांवरचे. ज्याच्या तोंडात दोन बोटेही आडवी मावत नाहीत, त्याच्या बाबतीत माप घेण्याचा ट्रे आत नेण्यापासून अडचण सुरू होते. दोन तुकड्यांचे ट्रे आणि दोन भागांत जोडायच्या कवळ्या करून काम भागवतात. अशा ताठर गालांच्या तोंडात उंची किती वाढवावी, वाढवलेली टिकते का, व्यायामाने तोंड थोडे उघडू लागले तर चावा पुन्हा घ्यावा का, यावर सुट्या रुग्णांच्या नोंदींपलीकडे फारसे हाती नाही. असे रुग्ण अमरावती, वर्धा आणि नागपूरच्या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत नित्य येतात, तेव्हा तो अभ्यास व्हायचा तर याच पट्ट्यात व्हावा लागेल.